इत्बायात: तीन हजार माणसांची नगरपालिका

जेमतेम तीन हजार लोकांसाठी महापौर, उपमहापौर आणि आठ निवडून आलेले सभासद कशाला हवेत? फिलिपीन्सच्या नकाशात अगदी वरच्या टोकाला असलेल्या इत्बायातची आकडेवारी पाहिली की हा प्रश्न पडतोच. २०२० च्या जनगणनेत या नगरपालिकेची लोकसंख्या ३,१२८ भरली. एवढी माणसे मनिलातल्या एखाद्या गल्लीत सहज मावतील. तरीही देशाच्या कारभारात इत्बायातला पूर्ण नगरपालिकेचा दर्जा आहे, स्वतःचे अंदाजपत्रक आहे आणि राष्ट्रीय करात कायद्याने ठरवून दिलेला वाटाही आहे. असे का, हे नुसत्या लोकसंख्येवरून कळत नाही. त्यासाठी बेटाची जमीन, भोवतालचा समुद्र, माणसांची वस्ती आणि मग कायदा, या क्रमाने जावे लागते.

१. नगरपालिका म्हणजे काय?

मराठी वाचकाच्या मनात नगरपालिका म्हटले की शहर उभे राहते: बाजारपेठ, गटारे, घरपट्टी. फिलिपीन्समध्ये या नावाखाली पुष्कळदा शेते, डोंगर, कोळीवाडे आणि निर्जन बेटेही येतात. तिथली रचना तीन पायऱ्यांची आहे. सर्वात वर प्रांत, देशात ८२. प्रांताखाली शहरे आणि नगरपालिका. त्यांतल्या नगरपालिका सुमारे दीड हजार. सर्वात खाली बारांगाय, म्हणजे गाव किंवा वॉर्डाएवढे एकक. अशी बारांगाय देशभरात ४२ हजारांच्या घरात आहेत. देशातली इंच न् इंच जमीन कुठल्या ना कुठल्या शहरात किंवा नगरपालिकेत मोडते. म्हणून आकाराने आपल्या एखाद्या लहान तालुक्याच्या जवळ जाणारे आणि अधिकाराने नगरपालिकेसारखे असे हे एकक समजावे.

इत्बायात ही बातानेस प्रांतातली नगरपालिका. या प्रांतात एकूण सहा नगरपालिका आहेत: प्रांताचे ठाणे असलेले बास्को, शिवाय माहाताओ, इवाना, उयुगान, साबतांग आणि इत्बायात. पहिल्या चार बातान नावाच्या एकाच बेटावर आहेत. साबतांगचे बेट वेगळे आणि इत्बायातचे त्याहून वेगळे, सर्वांपासून लांब. इत्बायातखाली पाच बारांगाय येतात: सांता रोसा, सांता मारिया, सांता लुसिया, सान राफाएल आणि राएले. नावांवरची स्पॅनिश छाप उघड आहे. १७८३ मध्ये गव्हर्नर होसे बास्को इ वार्गास याच्या कारकिर्दीत स्पेनने ही बेटे आपल्या अमलाखाली आणली. प्रांताच्या ठाण्याचे नाव त्याच्यावरूनच पडले आहे.

२. तैवान जवळ, मनिला दूर

इत्बायात विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेएकवीस अंशांच्या आसपास आहे. मनिला तिथून सरळ रेषेत सुमारे ६९० किलोमीटर. लुझोन या देशातल्या सर्वात मोठ्या बेटाचा उत्तर किनारासुद्धा साधारण २४५ किलोमीटर दूर पडतो. उलट तैवानचे दक्षिण टोक सुमारे १६० किलोमीटरवर आहे. इत्बायात नगरपालिकेच्याच हद्दीत उत्तरेकडे लहान बेटांची एक माळ आहे. तिच्या शेवटी मावुलिस हे फिलिपीन्सचे सर्वात उत्तरेचे बेट. तिथून तैवानचे टोक दीडशे किलोमीटरही नाही. मधल्या पाण्याला बाशी खाडी म्हणतात.

ही जवळीक आजची नाही. इत्बायातवरच्या तोरोंगान गुहेत पुरातत्त्व संशोधकांना सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा मिळाल्या आहेत. त्याहून बोलका पुरावा अनारो या टेकडीवर सापडला. तिथे हिरव्या जेड दगडाचे दागिने घडवले जात, आणि तो दगड तैवानच्या पूर्व भागातल्या खाणीतला होता. म्हणजे मधला समुद्र ओलांडून दगड इथे येत होता, त्यावर इथे हात फिरत होता. भाषेतही हेच नाते दिसते. इत्बायातची बोली, इत्बायातेन, ही बातानेसच्या इवातान भाषेचाच एक प्रकार. आणि तैवानच्या अखत्यारीतल्या ऑर्किड बेटावरच्या लोकांची भाषा तिच्या सख्ख्या नात्यातली आहे. आज मधून आंतरराष्ट्रीय सीमा जाते. या सीमेमुळेच मावुलिससारख्या नागरी वस्ती नसलेल्या बेटालाही लष्करी महत्त्व आले आहे. फिलिपीन्स आणि अमेरिका यांच्या ‘बालिकातान’ या संयुक्त सरावात अलीकडच्या वर्षांत बातानेसची बेटे येऊ लागली, ती त्यामुळेच.

३. किनारा नसलेले बेट

बेट म्हटले की वाळूचा किनारा आणि माड डोळ्यांसमोर येतात. इत्बायातला वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच. शेजारचे बातान बेट ज्वालामुखीचे आहे; तिथला इराया पर्वत हजार मीटरहून थोडा उंच आहे. इत्बायातचा बहुतेक भाग मात्र प्रवाळी चुनखडीचा, समुद्रातून वर उचलला गेलेला. त्यामुळे बेटाच्या कडेला सगळीकडे उभे कडे आहेत, काही ठिकाणी वीस मीटरचे तर काही ठिकाणी त्याच्या तिप्पट. कडेने उंच आणि मध्ये खोलगट असा हा भूभाग एखाद्या परातीसारखा आहे, आणि वस्ती त्या परातीच्या तळाशी आहे. बेटावरची सर्वात उंच जागा उत्तरेकडची, तीनशे मीटरांच्या आतली.

या घडणीचे दोन परिणाम रोजच्या जगण्यात उतरतात. पहिला पाण्याचा. चुनखडीत भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे पडलेला पाऊस वर वाहत राहण्याऐवजी खाली झिरपून जातो. पाऊस भरपूर पडूनही पाण्याची चणचण राहते ती यामुळे. छपरावरचे पाणी पन्हळीने टाकीत साठवणे ही तिथली जुनी आणि आजही चालू असलेली सोय.

दुसरा परिणाम उतरण्याचा. इत्बायातला जाण्यासाठी बास्कोहून सुमारे चाळीस किलोमीटरचा समुद्र ओलांडावा लागतो. त्यासाठीच्या बोटीला फालोवा म्हणतात. फिलिपीन्समधल्या बहुतेक होड्यांना दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे आधार असतात; फालोवाला ते नसतात. तिचा तळ गोलसर असतो, म्हणून ती उंच लाटेबरोबर एका अंगावर कलते आणि पुन्हा सावरते. इथल्या समुद्रात बाजूचे आधार टिकले नसते. प्रवास तीन-चार तासांचा. पोटात ढवळून काढणारा.

खरी कसोटी पोहोचल्यावर लागते. पश्चिमेच्या चिनापोलिरान धक्क्यावर कड्यातच पायऱ्या आणि उतार काढलेला आहे. बोट कड्याला बांधून ठेवता येत नाही, कारण लाट तिला क्षणात वर नेते आणि क्षणात खाली आणते. माणूस बोटीच्या काठावर उभा राहतो, लाट बोटीला पायरीच्या पातळीवर आणते, त्या एका क्षणात खलाशी ओरडतो आणि माणूस उडी टाकतो. वर उभे असलेले हात त्याला धरतात. म्हातारी माणसे, तान्ही मुले, तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, सगळे याच पद्धतीने उतरते. वारा ज्या बाजूने असेल त्याच्या विरुद्ध बाजूचा धक्का वापरायचा, म्हणून बेटावर एकाहून अधिक उतरण्याच्या जागा ठेवाव्या लागल्या. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, समुद्र खवळलेला राहिला की दिवसच्या दिवस बोट निघत नाही. राएले बारांगायात एक लहान विमानतळ आहे. बास्कोहून छोटे विमान दहा-पंधरा मिनिटांत येते, पण त्यात मोजकीच माणसे बसतात आणि तेही हवामानावर अवलंबून.

४. माणसे राहतात कुठे, खातात काय

पाच बारांगायांपैकी चार बेटाच्या मध्यभागी एकमेकांना लागून आहेत. चर्च, शाळा, पालिकेची कचेरी, चौक हे सगळे तिथे. राएले तेवढे दक्षिणेला वेगळे आहे. म्हणजे नकाशावर ८३ चौरस किलोमीटर दिसत असले तरी माणसांची गजबज त्याच्या अगदी थोड्या भागात आहे. बाकी शेती, कुरणे, रान आणि कडे.

ही एकवटलेली वस्ती जुनी नाही. स्पॅनिश अंमल येण्यापूर्वी बातानेसचे लोक इद्जांग नावाच्या तटबंदीच्या टेकड्यांच्या आश्रयाने विखरून राहत. वरून शत्रूवर दगड टाकता येत, वर चढण्याची वाट अरुंद असे. चर्च आणि राज्यकर्ते यांना माणसे एका ठिकाणी हवी होती, कारण प्रवचनालाही आणि कर वसुलीलाही विखुरलेली वस्ती गैरसोयीची. म्हणून लोकांना खाली, चौकाभोवती वसवण्यात आले.

मुख्य पिके जमिनीखालची: रताळी, कोनफळासारखे कंद, अळकुड्या. कारण सोपे आहे. वादळ वरचा पाला झोडपून नेते, पण जमिनीतला कंद बहुधा वाचतो. पैशासाठी लसूण पिकवतात, गुरे पाळतात. उन्हाळ्यात, मार्च ते मेच्या शांत समुद्रात, उडणारे मासे आणि त्यांच्यामागे येणारे मोठे मासे पकडून वाळवतात. तांदूळ मात्र बराचसा लुझोनहून जहाजाने येतो. जहाज लांबले की दुकानात भाव चढतो.

५. शिरगणती कशी वाचावी

आता आकड्यांकडे येता येईल. इत्बायातची लोकसंख्या २०१५ मध्ये २,८६७ होती आणि २०२० मध्ये ३,१२८. वाढ २६१ माणसांची, म्हणजे सुमारे ९.१ टक्के.

दरवर्षीची वाढ काढताना एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. २०१५ ची मोजणी १ ऑगस्टच्या स्थितीवर होती आणि २०२० ची १ मेच्या. मधला काळ पाच वर्षांचा नसून चार वर्षे नऊ महिन्यांचा आहे. तेवढ्या काळात चक्रवाढीने ९.१ टक्के वाढ व्हायला दर वर्षाला सुमारे १.८५ टक्के लागतो. पूर्ण पाच वर्षे धरली तर उत्तर १.७६ येते. फरक लहान दिसतो, पण अशा दरांवरूनच पुढची शाळा आणि दवाखाने ठरत असतात.

लहान जागेच्या टक्केवारीबद्दल सावधही राहायला हवे. तीन हजारांच्या वस्तीत दहा कुटुंबे बास्कोला राहायला गेली तर टक्केवारी दीडेक अंकाने हलते. मनिलात दहा कुटुंबांचा कोणाला पत्ताही लागत नाही. त्यात २०२० ची मोजणी महामारीत झाली. आकडे १ मेच्या स्थितीचे असले तरी गणक घरोघर फिरले ते सप्टेंबरमध्ये. उच्च शिक्षण आणि नोकरी यांसाठी तरुणांनी बास्को किंवा लुझोन गाठणे ही इथली नेहमीची रीत. त्या वर्षी कितीतरी ठिकाणी माणसे गावी परतली होती. म्हणून एका मोजणीवरून इत्बायात वेगाने वाढते आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

घनता काढणे सोपे: माणसे भागिले जमीन. ३,१२८ ला ८३.१३ ने भागले की उत्तर येते दर चौरस किलोमीटरला जवळजवळ ३८. देशाची सरासरी ३६० च्या वर आहे. बास्कोत हाच आकडा १९० च्या पुढे जातो. प्रांताच्या पातळीवर चित्र आणखी स्पष्ट होते. बातानेसची एकूण लोकसंख्या १८,८३१ आणि क्षेत्रफळ सुमारे २१९ चौरस किलोमीटर. त्यातली ३८ टक्के जमीन एकट्या इत्बायातकडे आहे, माणसे मात्र १७ टक्क्यांहूनही कमी. उलट बास्कोत प्रांताची निम्म्याहून जास्त माणसे, ९,५१७, राहतात. बंदर, विमानतळ, इस्पितळ, महाविद्यालय जिथे, तिथे माणसे ओढली जातात.

३८ या आकड्यातही एक फसगत दडलेली आहे. तो ऐकून वाटते की प्रत्येक घराभोवती मोकळे माळरान असेल. प्रत्यक्षात घरे चौकाभोवती दाटीने उभी आहेत आणि कित्येक चौरस किलोमीटरांवर एकही माणूस झोपत नाही. सरासरी खोटी नसते, पण ती कुठेच प्रत्यक्ष दिसतही नाही.

६. वादळासाठी बांधलेली भिंत

दाटी कशी, घरे कशाची, हे प्रश्न २७ जुलै २०१९ रोजी जिवावरचे ठरले.

बातानेस पॅसिफिक महासागरातून येणाऱ्या वादळांच्या वाटेवर आहे. १४ सप्टेंबर २०१६ च्या पहाटे ‘फेर्दी’ या अतितीव्र वादळाचा डोळा थेट इत्बायातवरून गेला. अशा वाऱ्याला तोंड देण्यासाठी पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने एक घर तयार झाले आहे: दगड आणि चुन्याच्या जाड भिंती, काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर, लहान खिडक्या, जोराचा वारा ज्या बाजूने येतो तिकडे खिडकीच नाही, वर गवताचे थरावर थर दिलेले जाड छप्पर. वादळाची चाहूल लागली की छपरावर दोरांची जाळी टाकून ती जमिनीशी ताणून बांधतात. वाऱ्यापुढे हे घर उत्तम टिकते, कारण वारा ढकलतो आणि जड भिंत हलत नाही.

भूकंपाचे गणित उलटे असते. जमीनच हलू लागली की जितकी भिंत जड तितका तिच्यावर येणारा ताण मोठा. लोखंडी सळीने बांधून न ठेवलेले दगड सुटे होतात. २७ जुलै २०१९ च्या पहाटे सव्वाचारला ५.४ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा लोक झोपेत होते. साडेसातच्या सुमारास त्याहून मोठा, ५.९ चा. नऊ माणसे दगावली, अनेक जखमी झाली, सांता मारिया दे मायान या जुन्या चर्चचा घंटामनोरा कोसळला. जवळजवळ सगळे गाव घराबाहेर, चौकातल्या तंबूंत आले. तीन हजारांच्या वस्तीत नऊ मृत्यू म्हणजे दर साडेतीनशे माणसांमागे एक. बेटावर दुःख न पोहोचलेले घर सापडणे कठीण. मदतही येणार ती विमानाने किंवा त्याच कड्याच्या धक्क्याने.

त्यामुळे इथे घर बांधताना दोन शत्रूंचा एकाच वेळी विचार करावा लागतो. हलके घर वादळ नेते, जड घर भूकंपात माणसावर पडते. मजबूत काँक्रीटचे सांगाडे हे उत्तर आहे, पण त्यासाठीचे सिमेंट आणि लोखंड समुद्र ओलांडून आणायचे, म्हणजे प्रत्येक पोत्याला वाहतुकीचा बोजा.

७. कायद्याच्या मापात न बसणारी पालिका

१९९१ च्या स्थानिक शासन संहितेप्रमाणे नवी नगरपालिका स्थापायची तर सरासरी वार्षिक उत्पन्न १९९१ च्या किमतींनुसार किमान २५ लाख पेसो हवे, आणि शिवाय किमान २५,००० लोकसंख्या आणि ५० चौरस किलोमीटर सलग जमीन. इत्बायात क्षेत्रफळात पास होते, लोकसंख्येत जवळही जात नाही. किंबहुना सहाही नगरपालिका मिळून पूर्ण बातानेस प्रांताची लोकसंख्या एका नव्या नगरपालिकेच्या किमान अटीएवढी भरत नाही. बारांगायासाठी सर्वसाधारण अट दोन हजारांची. इत्बायातच्या पाचांची सरासरी सव्वासहाशेच्या आसपास. मात्र या अटी नव्याने होणाऱ्या एककांसाठी आहेत. आधीपासून असलेली एकके कायद्याने तशीच चालू राहतात. प्रांत म्हणून बातानेसचा एक प्रतिनिधी राष्ट्रीय संसदेतही बसतो, कारण राज्यघटनेने प्रत्येक प्रांताला निदान एक जागा दिली आहे.

सुरुवातीच्या प्रश्नातले दहा लोकप्रतिनिधी संहितेनेच ठरवलेले आहेत. त्यात प्रत्येक बारांगायाचा एक प्रमुख आणि सात सदस्य धरले की पाच बारांगायांचे चाळीस, असे एकूण पन्नास. युवक परिषदा वेगळ्या. ही रचना तीन हजारांच्या पालिकेला आणि लाखाच्या पालिकेला जवळजवळ सारखीच लागू होते.

मग पैसा कुठून येतो? राष्ट्रीय करांतला ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना जातो. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, २०२२ पासून, त्यात पूर्वीपेक्षा जास्त प्रकारचे कर मोजले जातात. या वाट्यातले ३४ टक्के नगरपालिकांचे. त्यांच्यात वाटणी होते ती तीन निकषांवर: निम्मी रक्कम लोकसंख्येप्रमाणे, पाव क्षेत्रफळाप्रमाणे आणि उरलेली पाव सर्वांना सारखी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन पालिका आहेत, एकीत ३,००० माणसे, दुसरीत ५७,०००. वाटायचे आहेत १०० लाख पेसो. सारख्या वाटणीचे २५ लाख दोघींत साडेबारा-साडेबारा. क्षेत्रफळाचे २५ लाख तसेच. लोकसंख्येच्या ५० लाखांतले लहान पालिकेला फक्त अडीच, मोठीला साडेसत्तेचाळीस. एकूण लहानीकडे साडेसत्तावीस लाख, मोठीकडे साडेबहात्तर. पण माणशी पाहिले तर लहान पालिकेला सुमारे ९१७ पेसो आणि मोठीला १२७.

हा पक्षपात वाटेल, पण यामागे न्याय्य विचार आहे. दवाखान्याला एक डॉक्टर लागतो, तो तीन हजारांनाही लागतो आणि दहा हजारांनाही. धक्क्याची पायरी वाहून गेली तर ती बांधण्याचा खर्च उतरणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. इत्बायातसारख्या ठिकाणी माणशी खर्च जास्तच येणार. जवळच्या मोठ्या पालिकेत तिचे विलीनीकरण केले असते, तर जन्मनोंदणीसाठी, परवान्यासाठी, वादळानंतरच्या मदतीच्या यादीत नाव घालण्यासाठी माणसाला चाळीस किलोमीटर समुद्र ओलांडून बास्को गाठावे लागले असते. आणि वर्षातले कित्येक दिवस तो ओलांडताच येत नाही.